आमच्या बालवाडीतले एकुलते एक सर

सुहासला लोकांनी मारलं, तेव्हा त्याच्या हातांत चार वर्षांची मुलगी होती.

आज वर्ष झालं. आजवर लिहिलं नाही.

सुहास आमच्या कर्वेनगरच्या बालवाडीत शिकवायचा. आम्ही नऊ बायका आणि तो एकटा सर. नॉर्वेत बालशिक्षणाची डिग्री घेऊन, तिथल्या बालवाडीत काही वर्षं नोकरी करून परत आलेला.

मी एकदा विचारलं, "तिथं निम्मे पुरुष असतात का रे?"

"छे, तिथंही बायकाच जास्त. पण मी मुलांची नाकं पुसत असलो तर कुणी वळून बघायचं नाही."

इथं बघायचे.

ॲडमिशनला आलेल्या एका आजोबांनी त्याच्यासमोरच मला विचारलं, "यांना दुसरी नोकरी मिळाली नाही वाटतं?"

सुहास म्हणाला, "मिळत होती आजोबा. पण मोठ्या माणसांबरोबर होती, म्हणून नाही घेतली."

मग दोन पालकांनी "लेडी टीचरच हवी" असं लेखी दिलं. मी हेडमिस्ट्रेस. घाबरले. फक्त त्याच्यासाठी नियम केला, मुलींना उचलून घ्यायचं नाही.

तो मान हलवून वर्गात गेला.

त्या सकाळी ईरा घसरगुंडीवरून पडली. हनुवटी फाटली, रक्त थांबेना. दवाखाना पुढच्या चौकात.

मीच ओरडले, "सुहास, उचल तिला, पळ! तिच्या आईला फोन करून मी आलेच."

त्या आठवड्यात सगळ्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. आणि रस्त्यावर लोकांना काय दिसलं? रक्तानं माखलेली, किंचाळणारी मुलगी घेऊन पळणारा माणूस.

"मी तिचा टीचर आहे," तो सांगत होता. चौकातल्या पानवाल्यानं नंतर मला सांगितलं, तीन वेळा म्हणाला.

"बालवाडीत बाप्या टीचर? येडा समजतो का आम्हाला?"

आणि पहिली लाथ बसली.

मी पोचले तेव्हा तो गुडघ्यांवर होता, ईराला पोटाशी घेऊन पूर्ण वाकलेला. हेल्मेटनं डोक्यात मारत होते. बरगड्यांत लाथा. एकानं फुटपाथचा ब्लॉक उचलला. मी त्याच्या दंडाला लोंबकळले. त्यानं मला झटकलं.

ब्लॉक सुहासच्या कानाच्या वर बसला.

तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही.

"सर आहेत ते! आमचे सर आहेत!" माझा घसा फाटला.

शूटिंग करणारा एक जण मोबाईल खाली न घेताच म्हणाला, "मग आधी सांगायचं ना."

सुहासचे हात सोडवायला मी आणि माझ्यामागून धावत आलेली आमची एक टीचर, अशा दोघी लागलो. हनुवटी सोडली तर ईराला ओरखडाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

जबाब घेताना मला विचारलं गेलं, "मॅडम, पण तुम्ही पुरुष ठेवलाच कशाला?"

"क्वालिफाइड होता म्हणून. आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त."

केस चालू आहे.

त्याच्या नॉर्वेच्या बालवाडीतून मेल आली. त्यांनी झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. खाली एकच प्रश्न. 'तो टीचर आहे असं म्हणाला, मग लोकांना ते खोटं का वाटलं?'

वर्ष झालं, मी उत्तर पाठवलेलं नाही.

सुहास, फोन नंतर करता आला असता. मी तुझ्याबरोबर पळायला हवं होतं.

माफ कर.