रविवार धरत नाहीत

इनास बारदेसकरांच्या माडीवर मी भाड्यानं राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात आईला फोन करून सांगितलं की इथं लवकरच खून होणार, मी दुसरी खोली बघतो. खाली नवराबायकोचं भांडण चालू होतं. विषय पंख्याचा होता. नवऱ्याला तो पाचवर हवा होता, बायकोला दोनवर.

मी तेव्हा नुकताच मराठी घेऊन एम.ए. झालो होतो. एका कॉलेजात तासावर शिकवत होतो. प्रेम, विरह, दांपत्य या विषयांत मला चांगले मार्क होते. लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे लग्नाबद्दल मला सगळं माहीत होतं.

घर कोल्हापुरात, लाईन बाजारच्या मागच्या गल्लीत. इनासभाऊ मूळचे आजऱ्याचे, कॅथलिक. उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर कामाला. फिलोमिनावहिनी एका खाजगी दवाखान्यात नर्स. एकुलता एक मुलगा फादर व्हायचं म्हणून सेमिनरीत गेलेला. घरात दोघंच, त्यामुळे भांडायला जागा भरपूर.

आमच्या लिंगायत घरात आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही. इथं वहिनी न्हाणीतून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "इनास, टॉवेल कुठं टाकलास?" मी माडीवर दचकायचो. दोघं दार उघडं टाकून भांडायचे. शेजारच्या धोंडुबाई शेंगा फोडत उंबऱ्यावर बसायच्या आणि शेवटी निकाल द्यायच्या. थोड्या वेळानं तीच दोघं एम-एटीवर बसून बाजारात निघायची. वहिनींचा हात त्यांच्या खांद्यावर. मी खिडकीतून बघत राहायचो. अभ्यासक्रमात हे नव्हतं.

मग १९९९ चा उपासकाळ आला. उपासकाळ म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. या दिवसांत प्रत्येकानं आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. इनासभाऊंचं सोडणं गल्लीत प्रसिद्ध होतं. एका वर्षी त्यांनी चहा सोडला आणि कारखान्यात दोघांशी मारामारी केली. एका वर्षी मटण सोडलं. मटण सोडलेला कोल्हापूरकर कसा दिसतो ते बघायला लोक यायचे.

त्या वर्षी फादरांनी प्रवचनात सांगितलं की चहा-मटण सोडून देवाला काय मिळतं? तुमच्या ज्या सवयीचा घरच्यांना त्रास होतो, ती सोडा. इनासभाऊ घरी आले आणि त्यांनी अंगणातूनच जाहीर केलं की ईस्टरपर्यंत फिलूशी भांडणार नाही. देवाला तसा शब्द दिलाय.

मी भारावलो. म्हणालो, भाऊ, हा त्याग महाकाव्याच्या तोडीचा आहे. त्यांनी विचारलं, महाकाव्यात शेवटी काय होतं? मी म्हणालो, बहुतेक सगळे मरतात.

घर शांत झालं. वहिनी काहीही म्हणाल्या की खालून एकच शब्द यायचा. "बरं." मी खूश होतो. अभ्यासाला निवांतपणा मिळाला. त्यांच्या सहजीवनाला प्रगल्भता आली, असं मी माझ्या मनात ठरवून टाकलं.

वहिनी मात्र अस्वस्थ झाल्या. पहिला आठवडा त्यांनी मजेत घेतला. मग त्या खोड्या काढू लागल्या. सलग तीन दिवस दोडका केला. बरं. इनासभाऊंची लाडकी टोपी धोंडुबाईंच्या नातवाला दिली. बरं. पंखा एकवर आणला. इनासभाऊ घामानं निथळत म्हणाले, बरं. धोंडुबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माणसावर कुणीतरी करणी केलीया.

उपासकाळातल्या शुक्रवारी त्यांच्यात मटण नसायचं. म्हणून शुक्रवारी मी त्यांच्याकडं जेवायला. अशाच एका शुक्रवारी वहिनींनी भाकरी वाढता वाढता सांगितलं की दवाखान्यातली सबिना कुवेतला निघालीय. तिथं नर्सेस पाहिजेत. दोन वर्षांचा करार. एजंट वहिनींनाही विचारतोय. मग त्यांनी नवऱ्याकडं बघितलं.

"जाऊ का मी, इनास?"

इनासभाऊंचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडं.

"बरं," ते म्हणाले. "तुझी इच्छा."

वहिनी उठल्या आणि तवा घासायला बसल्या. तो सकाळीच घासलेला होता. मला वाटलं, केवढा उदार नवरा. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

आठवड्याभरात वहिनी पिशवी भरून आजऱ्याला आईकडं गेल्या. जाताना मलाच सांगून गेल्या की जन्माचा दाखला काढायचाय, पासपोर्टला लागतो. कधी येणार ते सांगितलं नाही.

इनासभाऊ कट्ट्यावर बसून राहिले. धोंडुबाईंनी विचारलं, तुमच्यात काडीमोड न्हाय न्हवं? ते म्हणाले, न्हाय. म्हणून तर भांडाय लागतं. मग स्वतःशीच हसले. म्हणाले, "मास्तर, मी देवाला शब्द दिला नि गप्प बसलो. आता तीबी गप्प. देव तर आधीपास्नं गप्पच हाय. तिघं मिळून काय गप्प बसलोय बघा."

मी म्हणालो, वहिनींना थांबवा. ते म्हणाले, थांबवायचं म्हणजे भांडायचं. शब्द मोडू कसा?

शेवटी शनिवारी मीच त्यांना फादरांकडं घेऊन गेलो. शब्द मोडायची परवानगी मिळते का, एवढंच विचारायचं होतं. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की मोडायची गरज काय? चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. रविवार हा आनंदाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो. हे तुला लहानपणी शिकवलं नव्हतं का?

इनासभाऊंना शिकवलं होतं. ते विसरले होते.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. ईस्टरच्या आधीचा शेवटचा रविवार. चर्चमधली सकाळची मिस्सा करून, आशीर्वादाची झावळी हातात घेऊन ते आजऱ्याच्या एस.टी.त चढले. मला बरोबर घेतलं. एकट्यानं धीर होत नव्हता.

कागल सोडल्यावर ते म्हणाले, सवय गेलीया, जरा घासून घेऊ. तुम्ही फिलू व्हा. मी फिलू झालो. त्यांनी माझ्यावर ओरडायला सुरुवात केली. घरदार टाकून कुवेतला जातीस, लाज न्हाय वाटत? मी शुद्ध मराठीत म्हणालो की स्त्रीलाही स्वतःचं आकाश असतं. ते म्हणाले, फिलू असलं काय बोलत न्हाय. मी आवाज चढवला. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. शेवटी कंडक्टर जवळ आला.

"पावणं, नवराबायकोची भांडणं घरात करायची. न्हायतर निपाणीला उतरा."

आजऱ्यात सासूबाईंच्या अंगणात काजूच्या बिया वाळत पडल्या होत्या. सासूबाईंना सगळे आक्का म्हणत. आक्कांनी तांब्याभर पाणी दिलं. वहिनी आतून आल्या, झावळी बघितली, ती घेऊन दारावर खोचली. मग चहा आणला. इनासभाऊ कप हातात घेऊन बसले. वाटेत केलेली सगळी तयारी घाटात उडून गेली होती. कुणीच बोलेना. मला राहवलं नाही. मी म्हणालो, मौन हाही एक संवादच असतो. दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काजूच्या बिया मोजू लागलो.

"चहा बरा झालाय का?" वहिनींनी विचारलं.

"बरं हाय."

वहिनींनी ट्रे खाली आपटला. "आता आणि एकदा बरं म्हणालास तर हाच ट्रे डोक्यात घालीन."

"आज रविवार हाय," इनासभाऊ घाईनं म्हणाले.

"मग?"

"रविवार धरत न्हाईत. फादर म्हणाले."

वहिनींनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे आजवरचे सगळे रविवार तू फुकट गप्प बसलास?"

आणि ते सुरू झालं. पाच रविवारांचं साठलेलं. दोडका निघाला, टोपी निघाली, पंखा निघाला, वहिनींचा भाऊ निघाला, इनासभाऊंची मयत आत्या निघाली. आक्का शांतपणे बिया उलथत होत्या. मी भिंतीला चिकटलो होतो.

"कुवेतला जायचं न्हाय," इनासभाऊ ओरडले. "मला चालायचं न्हाय."

"तुला चालायला मी काय तुझं लेथ मशीन हाय?"

"मशीन असतीस तर बटण तरी असतं."

"मग त्या दिवशी का न्हाय बोललास? बरं म्हणून भाकरी खाल्लीस."

"देवाला शब्द दिलता."

"आणि मला दिलेला? लग्नात आल्तारापुढं काय म्हणालतास? सुखात, दुःखात, आजारात. त्यात 'गप्प बसीन' कुठं हुतं?"

वहिनींचा आवाज उतरला.

"मला जायचंय का न्हाय तेच मला कळंना, इनास. तुझ्याशी भांडल्याबिगर मला कधी काय कळलंय?"

मी ते वाक्य मनात दोनदा म्हटलं. परीक्षेत या प्रश्नाला मी चार पानं लिहिली असती आणि नापास झालो असतो.

संध्याकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघं परतलो. मी मधे. गडहिंग्लजपर्यंत ते जाऊ नको म्हणत होते, त्या जाणार म्हणत होत्या. निपाणीनंतर ते म्हणायला लागले, संधी चांगली हाय, जा. आणि त्या म्हणायला लागल्या, मला घालवायला बघतोस व्हय? कागलला पुन्हा बाजू बदलल्या. कंडक्टर सकाळचाच होता. त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले.

सोमवारी उपासकाळ पुन्हा सुरू झाला. वहिनींनी सकाळीच सांगितलं की त्या कुवेतला जाणार, दोन वर्षं, एक दिवस जास्त नाही. इनासभाऊ बरं म्हणाले. पण या वेळी त्याआधी दात खाल्ल्याचा आवाज माडीपर्यंत आला. वहिनी हसल्या. खूप दिवसांनी.

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. पत्राऐवजी आवाज भरलेली त्यांची पहिली कॅसेट कुवेतहून सुट्टीवर आलेल्या कुणीतरी आणून दिली. इनासभाऊ, धोंडुबाई आणि मी टेपरेकॉर्डरभोवती बसलो. बराच वेळ नुसती खरखर. मग वहिनी म्हणाल्या, "इनास, पंखा पाचवर ठेवून झोपत असशील. सर्दी झाली तर मी येणार न्हाय औषध द्यायला." नंतर कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत त्या भांडल्या. धोंडुबाईंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, पोरगी बरी हाय म्हणायची.

उत्तराची कॅसेट भरायची होती. इनासभाऊ म्हणाले, मास्तर, तुम्ही शिकलेले, काहीतरी लिहून द्या. मी रविवारची दुपार घालवून पानभर लिहिलं. रिकामं अंगण, आजऱ्याच्या दारावरची वाळलेली झावळी, वाट पाहणं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. घडी करून मला परत दिलं.

"चांगलं हाय. पण ह्यात भांडण कुठं हाय? तिला वाटंल मी आजारी पडलोय."

मग त्यांनी पंखा पाचवर केला, टेपची रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं दाबली आणि सुरुवात केली. धोंडुबाई शेंगा घेऊन उंबऱ्यावर येऊन बसल्या.