गव्हाणीची फळी

"भ्यायचं काय कारन हाय?" असे ते म्हणाले, की ते भ्यालेले आहेत असे खुशाल समजावे. घोडेगावच्या बाजारात उभी हयात गुरांच्या दलालीत घालवलेला हा माणूस उधळलेल्या बैलाच्या वेसणीला हात घालताना एक शब्द बोलत नसे. हे वाक्य त्यांनी घरासाठी राखून ठेवले होते. त्यांचे नि माझे घर भिंतीला भिंत लागून असल्यामुळे अलीकडे ते मला वारंवार ऐकू येई.

त्यांच्या पत्नीचे, माईंचे, हृदय थकले होते. त्यांना आडवे निजवायचे नाही, पाठीला आधार देऊन बसते ठेवायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण उशा घसरत, आणि लोखंडी खाटेच्या उशाशी नुसत्या दोन नळ्या. टेकायला पाठ असलेला पलंग पाहायला ते नगरला गेले आणि दुकानदाराचा चहा तेवढा पिऊन परत आले.

"मास्तर, आपल्याला पायजे पलंगाचं डोकं. त्यासाठी आख्खा पलंग कशाला? घरीच करू."

त्यांनी रिकाम्या गोठ्यातली लाकडी गव्हाण उकलली. वर्षानुवर्षे बैलांच्या मानांनी आणि जिभांनी तिच्या फळ्या अशा गुळगुळीत झाल्या होत्या, की रंधा मारण्याची गरज नव्हती.

"बैलांनी चाटलेलं लाकूड माझ्या उशाला?" माई दारातून म्हणाल्या.

"तुझ्यापरीस लई गुनाचे हुते ते."

"मग त्यांनाच बसवा की खाटंवर!"

माप त्यांनी वितीने घेतले. माईंना पाटावर बसवून मानेपासून कमरेपर्यंत ते हात टाकत गेले, बाजारात बैलाच्या पाठीवरून टाकावा तसा. "आता दात नका बघू," माई म्हणाल्या. आम्ही तिघेही हसलो. हसता हसता माईंना धाप लागली आणि त्यांचा हात माईंच्या पाठीवर जागच्या जागी थांबला.

"भ्यायचं काय कारन हाय?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले.

मी फळ्या धरल्या, त्यांनी खिळे ठोकले. बोल्टाची भोके जुळेनात, तेव्हा तो सांगाडा त्यांनी दाव्याने खाटेच्या नळ्यांना बांधला. गाठ गोठ्यातलीच, एका झटक्यात सुटणारी. दुसरी गाठ त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हती. मग स्वतः टेकून पाहिले, मला टेकायला लावले, आणि माईंना नव्या नवरीसारखे नेऊन बसवले.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, भिंतीपलीकडून माझ्या नावाने हाक आली. मी धावलो. माईंचे ओठ निळे पडले होते. ते माईंचे खांदे मागे फळीवर दाबत होते. "टेक! टेक गं!" आणि माई होते नव्हते ते बळ एकवटून पुढे येऊ पाहत होत्या. मीही दुसरा खांदा मागे रेटला. आधार आम्ही मागे बांधला होता, तेव्हा तो मागेच असणार, यापलीकडे माझ्या बुद्धीला काही सुचले नाही.

एकाएकी त्यांनी हात सोडले.

"मान पुढं टाकतीय," ते पुटपुटले. "मास्तर, दम लागलेलं जनावर मान पुढंच टाकतं की! जल्मभर बघितलं आन् आज इसरलो!"

त्यांनी दावे ओढले. फळी सुटली. तिचे एक टोक खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून, दुसरे स्वतःच्या मांडीवर घेऊन ते माईंच्या समोर बसले. माईंनी तिच्यावर दोन्ही हात पसरले आणि कपाळ टेकवले. मी जीप घेऊन आलो तोवर श्वास चालू होता.

माई दवाखान्यातून परतल्या, पण फळी पुन्हा खाटेच्या उशाशी गेली नाही. मी माझ्या घरचे टेबल देऊ केले.

"नगं, मास्तर. टेबलातून कळत न्हाई. फळीतून तिचा दम माझ्या मांडीत उतरतो."

रोज संध्याकाळी ते तसे बसत. चहाची कपबशीही त्याच फळीच्या कोपऱ्यावर असे.

गेल्या हिवाळ्यात ते बाजारात टेम्पोच्या चाकाला टेकून बसले आणि उठले नाहीत. आम्ही सगळे माईंसाठी भीत होतो. त्या काळात या माणसाचा स्वतःचा चेहरा कसा होता, हे आठवू जाता मला नीट आठवत नाही. मी रोज त्यांच्या शेजारी उभा होतो आणि पाहत मात्र होतो माईंकडे.

दिवसकार्य उरकून पाहुणे गेले, त्या संध्याकाळी माईंनी मला बोलावले. फळीचे एक टोक खिडकीवर होते. दुसरे त्यांनी कसेबसे हातात धरले होते. मी समोर बसून ते मांडीवर घेतले.

माईंनी कपाळ टेकवले. लाकडातून एक आखूड, ओला श्वास माझ्या मांडीपर्यंत आला. मग काहीच आले नाही. मी वाकून पाहू लागलो.

"माई?"

"हलू नका, मास्तर," त्या मान वर न करता म्हणाल्या.

आता मी रोज जातो. एक श्वास उतरतो. दुसरा येईपर्यंत मी माझा धरून ठेवतो.