आधी छप्पर

इथं आखातात, बौशरच्या ऑफिसात दुपारचा डबा उघडला, तेवढ्यात रत्नागिरीहून नसीमचा फोन आला. "काका, अब्बा गेले. सकाळी चहा पिऊन पडवीत बसले होते, तिथंच." त्या फोनला आता तीन आठवडे झाले. तिचे अब्बा, इस्माईलचाचा, म्हणजे इथल्याच गाला भागातल्या आमच्या जुन्या वर्कशॉपचे मुख्य सुतार. मी तिथं ड्राफ्ट्समन होतो. दोन वर्षांपूर्वी ते गावी परतले. त्यांच्याविषयी लिहायला बसलोय, तर दुःखापेक्षा समाधानच जास्त दाटून येतंय...

करोनात वर्कशॉप बंद पडलं. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, इथल्याच इब्रा गावचे, पण त्यांची आजी जन्मली झांझिबारला, समुद्राकाठच्या एका दगडी घरात. पुढे त्या घराचं छोटं म्युझियम झालं. साथीत पर्यटक थांबले, पहारेकऱ्यांचे पगार थांबले. तरी चौघं जण घर सोडून गेले नव्हते, वाकलेल्या छपराखालीच झोपत होते. आफ्रिकेतल्या अशा जुन्या वास्तू वाचवायला एका परदेशी संस्थेनं तातडीची मदत सुरू केली आणि ती या घरालाही मिळाली. पण विमानं बंद, तज्ज्ञ पोचणार कसा? फोनवरूनच घर तपासा, अशी अर्बाबनी चाचांना गळ घातली. मग रोज सकाळी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉलला आशा दिसू लागली. नाव आपल्याकडचं वाटतं, पण ती तिथलीच, त्या घराची व्यवस्था बघणारी. पहारेकरी काठीनं एकेक वासा ठोकायचा आणि चाचा डोळे मिटून ऐकायचे. "हा भरीव. हा खलास. पुढचा घे."

पैसे एकाच कामाला पुरणार होते. अर्बाबना हवा होता नक्षीचा दरवाजा. आजी लहानपणी त्याच्या उंबऱ्यावर खेळली होती. चाचा म्हणाले, "अर्बाब, दरवाजा गेला तर मी दुसरा घडवीन. छप्पर बसलं तर खालचा माणूस कुठून आणू?"

"इस्माईल, तू माझ्याकडे नोकरीला आहेस."

"आहे ना. म्हणून तर खरं सांगतोय."

अर्बाबनी फोन ठेवला. दोन दिवस काहीच निरोप नाही. आमचा व्हिसा अर्बाबच्या हातात, तरी चाचांनी मला फक्त एवढंच विचारलं, "सुधीर, मी जास्त बोललो काय रे?" तिसऱ्या दिवशी अर्बाबचा आवाज आला, "यल्ला, आधी छप्पर." चाचांनी लगेच अट घातली, बाहेरचे मजूर नकोत, पहारेकऱ्यांनाच कामावर घ्या, त्यांचा पगार सुरू होईल. फोनवरून शिकवत त्यांनी चौघांकडून सडलेले वासे बदलून घेतले. तिथला पाऊस आला, गेला, छप्पर टिकलं. दरवाजा ताडपत्रीत गुंडाळून ठेवला होता, त्याची दुरुस्ती पुढे अर्बाबनी स्वतःच्या पैशानं करून घेतली. विमानं सुरू झाल्यावर ते चाचांना तिकडचं तिकीट काढून देत होते. पण नसीमचं बाळंतपण जवळ आलं होतं. "नातवाला बघतो आधी," म्हणाले. झांझिबार राहिलंच, आणि त्याची खंत त्यांनी कधी केली नाही.

चाचा गेल्याचं मी आशाला कळवलं. ती म्हणाली, शुक्रवारी आम्ही सगळे इथं या घरातच त्यांच्यासाठी दुवा मागू, त्यांचं पूर्ण नाव सांगा. वडिलांच्या नावासकट. इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं, आणि मला ते माहीत नव्हतं... नसीमला फोन लावला.

"अब्दुल गनी," ती म्हणाली. "पण काका, तिथं अब्बांना कोण ओळखतं?"

"चौघं," मी म्हटलं. "आणि त्यांची बायकामुलं."