गाडी न्यूटनमा शे

मंडळी, आधीच सांगून ठेवतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आज नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. माझं घर नाशकात त्र्यंबक रोडला आहे. ज्या शांतीसाठी देशभरातून लोक गाड्या भरभरून त्र्यंबकेश्वरला येतात, तिथे मी स्कूटरवरून अर्ध्या तासात पोचतो. आणि पोचून भजी खाऊन परत येतो. तेव्हा "एकदा विधी करून घ्या" असा प्रतिसाद लिहायला बसलेल्यांनी थोडा दम धरावा. तो विषय पुढे येणारच आहे.

दुसरं म्हणजे, या गोष्टीत अमावस्या नाही, पैंजण नाहीत. फेब्रुवारीतलं लख्ख ऊन, दुपारच्या चहाची वेळ आणि हिमाचलातलं बिलासपूर. तलावाकाठचं गाव. जुनं बिलासपूर धरणाच्या पाण्यात गेलेलं आहे, हिवाळा सरता सरता पाणी उतरलं की जुन्या देवळांचे कळस चिखलातून वर येतात... आता तुम्ही म्हणाल, आलं, बुडालेल्या गावातलं भूत आलं. नाही. त्या देवळांनी मला काहीही केलेलं नाही. जे केलं ते एका सटाण्याच्या माणसाने.

तर २००४ साल. अंबडच्या कारखान्यात माझ्याबरोबर नंदन नावाचा एक पुणेकर होता. नाशकात येऊन वर्ष झालं तरी आमच्या मिसळीला नावं ठेवायचा, पण माणूस चांगला. त्याला मी पटवलं की आपण मनालीला जाऊन स्कीइंग करायचं, आणि तेही माझ्या सेकंडहँड व्हॅनने. बर्फाशी माझा तोवरचा संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता होता. तिथल्या मास्तरने आधी थांबायचं कसं ते शिकवलं. मी म्हटलं, थांबायचं काय शिकायचं, आधी चालायचं शिकवा. मग मी चाललो... उतारावरून जे चाललो ते थेट नंदनवर जाऊन थांबलो. त्याचा पाय मोडला. मला खरचटलंसुद्धा नाही.

परतीचा सगळा प्रवास तो मागच्या सीटवर, प्लास्टरमधला पाय लांब करून, माझ्या घराण्याचा उद्धार करत होता. आणि मी एकटा गाडी हाकत होतो.

आता काकांची ओळख करून देतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सटाण्याकडचे, ट्रक ड्रायव्हर. उमराण्याहून कांदा भरायचा आणि पंजाबपर्यंत न्यायचा. बोलायचे अहिराणी. लहानपणी माझे केस तांबूस होते म्हणून मला ते 'भुऱ्या' म्हणायचे. दुसरं कोणीही म्हणत नसे. (आता तर तेवढेही केस नाहीत.) काकांच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, गाडी उतारावर लावली की चाकाला दगड लावल्याशिवाय ते दुसरीकडे वळूनही बघायचे नाहीत. आणि दगड एक नाही, दोन. मोठा दगड, त्याच्या बुडाशी लहान दगडाची पाचर. त्याला ते 'जोडी' म्हणायचे. निघताना जोडी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवायची, मागून येणाऱ्याच्या चाकाखाली नको.

दुसरी गोष्ट, गाडीच्या न्यूट्रलला ते 'न्यूटन' म्हणायचे. "गाडी न्यूटनमा शे," म्हणजे गाडी न्यूटनमध्ये आहे, ना पुढे, ना मागे. मी सातवीत असताना सरांनी वर्गात विचारलं, न्यूटन कोण होता? मी उठून आत्मविश्वासाने सांगितलं, गिअर काढल्यावर जो राहतो तो. त्या दिवशी मी जो मार खाल्ला, त्यानंतर तो शब्द मी पुन्हा तोंडातून काढला नाही. नंदनसमोर तर शक्यच नाही, तो मला पुण्यापर्यंत बदनाम करून आला असता.

नव्वदच्या दशकात एका फेरीला काका गेले ते परत आले नाहीत. ट्रक पंजाबात रोपडजवळ सापडला, रिकामा. माझे थोरले मामा तो आणायला गेले. कांदा बाजारात पोचलेला, गाडी नीट कडेला लावलेली, चाकाला जोडी. फक्त माणूस नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले. वर्षं गेली. मावशी कुंकू लावत राहिली आणि लोक तिच्या कपाळाकडे बघत राहिले. शेवटी थोरल्या मामांनी लावून धरलं, की आता त्र्यंबकला नारायण नागबळी करू, त्याला गती मिळू दे आणि तुलाही मोकळं होऊ दे. मावशी बरीच वर्षं नाही म्हणत होती. आम्ही मनालीला निघायच्या आधी ती दमून हो म्हणाली. गुरुजी ठरले. आम्ही परत आलो की दोन दिवसांनी विधी होता. त्यानंतर कुंकू पुसायचं, हे कोणी बोलत नव्हतं, पण ठरलेलं होतं.

मला ते मनातून पटलेलं नव्हतं. पण मी काय करणार होतो? मी बर्फ बघायला पळालो.

तर बिलासपूर. तलाव दिसला, मी गाडी खाली उतरणाऱ्या रस्त्याला घातली, तोंड पाण्याकडे करून उभी केली. पुढे कठडा नाही, सरळ घसरण. नंदन गोळी खाऊन पेंगत होता. म्हटलं, झोपू दे. मी चहा प्यायला आणि कळसांचे फोटो काढायला गेलो. हँडब्रेक ओढला होता. पण माझ्या त्या व्हॅनचा हँडब्रेक म्हणजे पाण्याची पिशवी अडकवायची सोय होती. आणि गिअर टाकायला मी विसरलो.

परत आलो तर पुढच्या चाकाखाली मोठा दगड, त्याच्या बुडाशी लहान दगड. मला वाटलं, कोणीतरी चेष्टा केली. मी मोठ्या रुबाबात खाली वाकलो आणि लहान दगड उपसला... व्हॅन एकदम पुढे सरकली, मोठ्या दगडावर अर्धी चढली. आतून नंदन ओरडला. मी गुडघ्यावर बसून तो लहान दगड पुन्हा कसा आत कोंबला ते मला आठवत नाही. मग आत शिरून पायाने ब्रेक दाबला, रिव्हर्स टाकला आणि गाडी वर सपाटीवर आणली.

"म्हणजे तो म्हातारा गाडीबद्दलच काहीतरी सांगत होता," नंदन म्हणाला.

"कोण म्हातारा?"

"आला होता एक. आधी टायरवर ठोकून बघितलं त्याने. मग काचेवर टकटक केली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, खाकी शर्ट, पांढरे खुंट. काहीतरी पहाडी बोलत होता. मला काय कळतंय. मग खाली वाकला, दगडांचा आवाज आला आणि गेला तलावाकडे."

"काय बोलला?"

"अरे, वेडा असणार. न्यूटनबद्दल बोलत होता."

मी सीटवरून वळून त्याच्याकडे बघायला लागलो.

"हसू नकोस, खरंच," नंदन म्हणाला. "कुठल्या तरी भुऱ्याला काहीतरी सांग, असं. 'भुऱ्याले सांग, गाडी न्यूटनमा शे.' शे म्हणजे काय रे त्यांच्यात? शंभर?"

मंडळी, इथे थांबून विचार करा. हा माणूस पेठेत वाढलेला. अहिराणी त्याने ऐकलेली नव्हती. काका त्याला माहीत नव्हते. भुऱ्या कोण, हे मी टकला त्याला कशाला सांगेन?

"वय किती असेल त्याचं?" मी विचारलं.

"असेल साठीचा. का?"

काका गेले तेव्हा पन्नाशीचे होते. हिशेब बरोबर लागत होता, आणि तोच तर घोळ आहे. भूत म्हणावं, तर भुतं म्हातारी होतात का? जाणकारांनी कळवावं. जिवंत म्हणावं, तर ज्याने माझी गाडी ओळखली, मला ओळखलं, तो दहा पावलांवरच्या चहाच्या टपरीवर मला भेटायला का आला नाही? ही व्हॅन तर मी काका गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी घेतलेली.

मी तलावाच्या दिशेने पळालो. पळता पळता जिवाच्या आकांताने ओरडत होतो, "काका... काका..."

आता माझा नमुनेदार मूर्खपणा ऐका. त्या भागात पंजाबी वळणाची बोली, आणि 'काका' म्हणजे लहान पोरगं. बाजारातल्या लोकांना वाटलं, परमुलखातल्या माणसाचं लेकरू तलावाकडे गेलं. दुकानं सोडून माणसं धावली. बायका घाटावर हाका मारायला लागल्या. एक फौजदार टोपी सावरत आला.

"काका कितने साल का है?"

"साठ के आसपास," मी धापा टाकत सांगितलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "और आप उसके कौन?"

"भांजा."

हे प्रकरण मिटायला बराच वेळ गेला. मिटल्यावर मात्र त्या भल्या लोकांनी साठीच्या माणसालाही शोधलं. टॉवेल गुंडाळलेला, खाकी शर्टातला कोणीही त्यांच्या पाहण्यात नव्हता. खालच्या चिखलात गुरांचे खूर, पोरांच्या चपला, सगळंच होतं. त्यातून माग काढायला मी काही पोलिसांचा कुत्रा नाही.

निघताना मी मोठा दगड कडेला ठेवला. लहान दगड खिशात टाकला. का, ते विचारू नका.

नाशिकला पोचेपर्यंत ठरवलं होतं, मावशीला बोलायचं नाही. सांगून काय होणार? जिवंत आहे म्हणावं तर टाकून गेला असं ठरतं. मेला म्हणावं तर कुंकू जातं. दोन्हीकडून घाव तिलाच. पण मी मी आहे. म्हसरूळला तिच्या घरी गेलो, थोरले मामा समोर विधीच्या सामानाची उठाठेव करत बसले होते, मावशीने चहा पुढे केला आणि माझ्या तोंडातून सगळं बाहेर पडलं.

मामा म्हणाले, "गोळ्यांच्या गुंगीत होता ना तुझा मित्र? झालं तर मग."

मावशीने मला एकच विचारलं. "जोडी व्हती का?"

मी खिशातून लहान दगड काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, पदराने पुसला.

"दादा," ती मामांना म्हणाली, "गुरुजीले फोन करी टाक. नही येत म्हणा आम्ही."

"अगं, असं कसं? जिवंत असला तर तुला सोडून गेला ना तो? आणि नसला तर..."

"ते तो नि मी देखी लिसूत. तू मधमा दगड नको लावू."

"लोक काय म्हणतील?"

"कामवर शे तो," मावशी म्हणाली. "कामवरना मानुसना कोनी पिंड पाडतस का?"

मामांनी कपाळाला हात लावला. फोन मीच केला. गुरुजी सज्जन होते, "पुढे कधी मन झालं तर या" एवढंच म्हणाले. ते मन अजून झालेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी काकांचा फोटो घेऊन पुन्हा बिलासपूरला गेलो. टपऱ्या, गॅरेज, गुरुद्वारा, काही सोडलं नाही. कोणी ओळखलं नाही. ज्यांनी मला ओळखलं, त्यांनी "काका मिला?" म्हणून विचारलं आणि हसले. मग म्हटलं, शास्त्रीय प्रयोग करावा. गंगापूर धरणाजवळच्या उतारावर भर दुपारी व्हॅन न्यूट्रलमध्ये सोडली, हँडब्रेकही काढला आणि झाडाआड जाऊन बसलो. म्हटलं, या काका. कोणी आलं नाही. व्हॅन मात्र गेली, बाभळीवर जाऊन आपटली, पुढची काच फुटली. तेव्हा दगड लावणारा मला दिसला नाही हे मी मान्य करतो. बाभूळ काकांनी लावली होती असं म्हणणारे प्रतिसाद कृपया देऊ नयेत.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. नंदन आता पुण्यात असतो, पाऊस पडायला लागला की पाय दुखतो म्हणून फोन करतो आणि तेच वाक्य अजून तस्संच म्हणून दाखवतो, 'शे'सकट. तुमच्याकडे काही उत्तर असेल तर लिहा. पण शांती करा असं लिहू नका. ज्याने माझी गाडी तळ्यात जाऊ दिली नाही, त्याला मी घालवून देणार नाही. तो कोणीही असो, कुठेही असो.

तो लहान दगड मावशीकडे आहे. ती त्याची पाचर पुढच्या दाराला लावते. दार धड लागत नाही, धड उघडंही राहत नाही, मधेच अडकून असतं. परवा गेलो होतो तेव्हा म्हटलं, "मावशी, दिवस चांगले नाहीत. दार एक तर लाव, नाहीतर उघडं ठेव."

ती तांदूळ निवडत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मान वर न करता म्हणाली,

"राहू दे. न्यूटनमा शे."