एर्नमसच्या लेकी

कार्ना गावच्या दलदलीत जळणासाठी जळाऊ मातीच्या विटा कापायला सोर्चा लहानपणापासून बापाबरोबर जाई. बाप बार्टली फावडं मारता मारता युद्धदेवतांची गोष्ट म्हणे. ती विटा झेलून रचे आणि ओळ मागून म्हणे. चुकली तरी बाप थांबत नसे. पुढची वीट हातात पडायच्या आत ओळ दुरुस्त व्हायला हवी. चाळिशीला आली तोवर गोष्ट तिच्या पाठीत मुरली होती.

पण चुलीपुढे ती गोष्ट सांगायची ती बापानेच. वीरांच्या कथा पुरुषांच्या. बाईने सांगितल्या तर कोंबडी आरवल्यासारखं घराला बाधतं, असं तिथे मानतात.

बार्टली गेला. हिवाळा लागला तशी माणसं सवयीने त्याच्याच घरी जमली. त्याच्या खुर्चीत शेजारचा फेस्टी बसला. त्याने गोष्ट नुसती ऐकली होती, घोकली नव्हती.

"तर मॉरिगन, बाव आणि माखा," तो म्हणाला, "युद्धदेव नेइतच्या तीन मुली. बापाने हुकूम केला नि निघाल्या रणात."

सोर्चा चहा ओतता ओतता थांबली. "नेइतच्या नव्हेत, फेस्टीकाका. एर्नमसच्या. आईच्या नावाने ओळखतात त्यांना. नेइत तर बावचा नवरा."

"आई काय नि बाप काय, लढाई तीच ना? चहा दे तू."

"तीच कशी? पहिल्या लढाईत त्यांची आई पडली. त्यांना हुकूम कोण देणार?"

"कोंबडी आरवायला लागली रे!" मागून कुणीतरी हसलं.

"आरवणारच. तुमच्या कोंबड्याला पहाट कुठे कळतेय!"

फेस्टी ताडकन उठला. "ही सांगणार असेल तर मी इथे बसत नाही."

आज गप्प राहिली, तर उद्यापासून गावभर त्या नेइतच्याच लेकी होणार होत्या. सोर्चाने किटली खाली ठेवली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. "जाताना दार ओढून घ्या. उघडं राहिलं की धूर घरात फिरतो."

तिघे त्याच्याबरोबर गेले. बायका राहिल्या आणि बिडी नावाच्या म्हातारीचा बहिरा नवरा. सोर्चाने सुरुवात केली. ओळी तिने आजवर दलदलीवरच्या वाऱ्यात म्हटलेल्या, त्यामुळे आवाज खोलीला मोठा झाला. तिने तो तसाच ठेवला. एर्नमस पडली तिथे बिडीम्हातारीचं विणकाम थांबलं.

खिडकीबाहेर पावसात एक टोपी दिसली. फेस्टी वळचणीला उभा होता. त्याचं घर तर पलीकडेच होतं.

सोर्चाने पाहिलं आणि पुढची ओळ घेतली. अजून दुसरी लढाई अख्खी बाकी होती.