साडूंची अँटिबॉडी

होकाराचा इतका धसका घेतलेला माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. हे माझे साडू. ते वर्ध्याच्या एका महाविद्यालयात संशोधक. मी अल्लीपूरचा निवृत्त मुख्याध्यापक. आमचे पटण्याचे काही कारण नव्हते, आणि फारसे पटलेही नाही.

जो सगळ्यालाच हो म्हणतो, त्याच्या कोणत्याही होकाराला किंमत नाही, असे त्यांचे मत. म्हणून ज्याचे उत्तर नकारार्थीच असले पाहिजे, असा प्रश्न ते आधी विचारीत. स्टेशनसमोर ऑटोवाल्याला गंभीरपणे म्हणत, "बंदरावर चालता का?" "चालतो ना भाऊ, बसा!" असे उत्तर आले, की सामान उचलून पायी निघत. मे महिन्यातही. माझ्या मुलीसाठी स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाला त्यांनी विचारले, मुलाला पोहता येते का, सतार येते का, उर्दू येते का. मध्यस्थ प्रत्येक वेळी "येते तं!" म्हणत गेला. "हे सगळ्यांनाच ओळखतात, साडूभाऊ, म्हणजे कोणालाच ओळखत नाहीत," हे त्यांनी त्याच्या तोंडावर मला सांगितले. मध्यस्थ पोहे टाकून उठला. मी दोन महिने साडूंशी बोललो नाही.

हे खूळ त्यांच्या कामातले होते. माणसाच्या जनुकसंचात काही तुकडे पूर्वी उड्या मारून जागा बदलीत. पुढे त्यांतले काही स्थिरावले आणि शरीराच्या कामालाही लागले. "पाहुणा आला अन् घरजावई झाला, असं समजा," ते म्हणत. अशा एका तुकड्यापासून बनणारे प्रथिन पेशींत आहे की नाही, हे सांगणारी अँटिबॉडी ते सात वर्षे वापरीत होते. सशाच्या रक्तातून काढलेली, थेंबभर कुपीतली. तिने त्याच प्रथिनाला चिकटावे, इतर कशालाही नाही, एवढीच अपेक्षा. मात्र तिची खरी परीक्षा राहिली होती. ते प्रथिन मुळीच नसलेल्या पेशी वर्ध्यात मिळत नव्हत्या. मागणी करून त्यांनी वाट पाहिली, आणि तोवर दुसऱ्या चाचण्यांवर भागवले.

पेशी आल्या तेव्हा त्याच कामावरचा त्यांचा शोधनिबंध छापण्यासाठी मंजूर झालेला होता आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. डोळे तपासायला मी वर्ध्यात गेलो होतो. त्यांच्या प्रयोगशाळेत बसलो होतो. जाम गावाहून येणारे त्यांचे जुने परिचर म्हणाले, "सर, पेपर तं पास झाला. आता काऊन ही परीक्षा मांडून राह्यले?"

"पास झाला म्हणून खरा झाला का, भाऊ?"

तिसऱ्या दिवशी चष्मा घ्यायला गेलो, तेव्हा निकाल समोर होता. प्रथिन नसलेल्या त्या पेशींपुढे, जिथे काहीच उमटायला नको होते, तिथे ठळक काळा पट्टा.

"फिक्काच आहे, सर," परिचर म्हणाले. तो फिक्का नव्हता.

"दुसऱ्यालेच चिकटून राह्यली," साडू म्हणाले. "सात वर्षं." मग खुर्ची ओढून त्यांनी निबंध मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. त्यानंतर ती अँटिबॉडी वापरणाऱ्या ओळखीच्या प्रयोगशाळांना एकेक पत्र. मजकूर तोच, तरी प्रत्येक पत्र त्यांनी नव्याने वाचून पाठवले. निवृत्तीपूर्वी नवी अँटिबॉडी तपासून होणार नव्हती, हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होते.

नंतर ते मला सोडायला बसस्थानकावर आले.

"गाडी लागली तुमची, साडूभाऊ. जा."

गाडी खरोखरच लागली होती. मी म्हणालो, चहा घेऊ. अल्लीपूरला मी पुढच्या गाडीने गेलो.