मधल्या आवाजाची बाई

मी तेलगावची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि घरी फोन होता. तो वाजला की पळत जाऊन मीच उचलायचे. पलीकडचा माणूस म्हणायचा, "बाळा, गुरुजी हायेत का रे?"

"मी मुलगी आहे," मी म्हणायचे.

बहुतेक जण राँग नंबर समजून फोन ठेवायचे. एकाने मात्र दरडावलं होतं, "उगं थट्टा करू नको. बापाला दे फोन."

तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि माझा आवाज चाळीस वर्षांच्या तलाठ्यासारखा होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी मला मिशी चिकटवून हवालदार करत. समूहगीताच्या वेळी बाई मागच्या रांगेत उभं करून सांगत, "तू नुसते ओठ हलव." हा सल्ला मी पुढे परदेशातही अधूनमधून पाळला, विशेषतः शब्द पाठ नसताना.

गाण्याकडे मी वळले ती निव्वळ संख्या भरून काढायला. पुण्यात बीएस्सीला असताना हॉस्टेलवरची मैत्रीण तिच्या चर्चमध्ये गायची. तिथे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायका कमी पडत होत्या, म्हणून ती मला ओढत घेऊन गेली. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी एक स्वर लावायला सांगितला, मी लावला. त्यांनी पियानोवरचे हात काढून घेतले आणि विचारलं, "तुझ्या गळ्यात काय आहे, ठाऊक आहे तुला?"

मी म्हटलं, "टॉन्सिल्स."

मग त्यांनी समजावलं. ऑपेरात बायकांचा सगळ्यात उंच आवाज तो सोप्रानो, आणि त्याच्या खालचा, थोडा जाड, मधला आवाज तो मेझो-सोप्रानो. "तू मेझो आहेस," त्या म्हणाल्या. ते ऐकून मला एखादा आजार निघाल्यासारखं वाटलं, पण त्याला नाव तरी मिळालं याचा आनंदही झाला. सहा वर्षं त्यांनी मला शिकवलं. त्यांच्याच चिठ्ठीवर मी जर्मनीला शिकायला गेले आणि तिथल्याच एका लहानशा गावातल्या ऑपेरा हाऊसमध्ये मला नोकरी लागली. वडील गावात सांगायचे, "पोरगी जर्मनीला हाय." लोक समजायचे इंजिनियर. वडील ती समजूत मोडायचे नाहीत.

मेझोच्या नशिबी काय येतं, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. प्रेम सोप्रानोवर बसतं. मरतेही तीच, आणि मरताना दहा मिनिटं गाते. मेझो म्हणजे तिची आई, तिची दाई, चेटकीण, नाहीतर पोरगा. हो, पोरगा! म्हणजे मी विमानाने सात हजार किलोमीटर जाऊन पुन्हा मिशीच लावली. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईची आई मी चार हंगाम केली.

एकदा रविवारी दुपारचा प्रयोग नेटवरून दाखवणार होते. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ. चकलांब्याहून आत्या मुद्दाम आली. वडिलांनी मोबाइल टीव्हीला जोडून शेजारपाजार गोळा केला. मी मोलकरीण होते. तिसऱ्या अंकात आत येऊन मला एकच ओळ होती: जेवण तयार आहे, बाईसाहेब. ती मी जीव ओतून गायले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर आत्या म्हणाली, "लई ग्वाड म्हणलीस गं. पण इतक्या लांब जाऊन ताटंच वाढायची व्हती तर हितं काय वाईट व्हतं?"

मी तिला विचारलं, "तू जेवलीस का?"

नोकरीच्या आठव्या वर्षी तिथे नवे संचालक आले. त्यांनी मला बोलावून अतिशय सभ्यपणे सांगितलं की पुढच्या हंगामात त्यांना माझी गरज नाही. मीही अतिशय सभ्यपणे हस्तांदोलन केलं आणि ट्राममध्ये बसून इतकी मोठ्याने रडले की ड्रायव्हरने वळून पाहिलं. आवाज पोचवायचं शिक्षण झालेल्या माणसाने सार्वजनिक ठिकाणी रडू नये.

घरी परतल्यावर वडिलांच्या जुन्या शाळेने मला गॅदरिंगला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. भाषणाऐवजी मी गायले. साउंडवाल्याने प्रेमाने एको वाढवून ठेवला होता, त्यामुळे मी एकटीच पाच जणींसारखी ऐकू येत होते. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर कानावर घेतले. संपल्यावर एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "झालं का? का मधीच थांबल्या?" टाळ्या पडल्या. सुटका झाल्यावर पडतात तशा.

नंतर बक्षीस वितरण सुरू होणार, तेवढ्यात लाइट गेली. दुपारच तर होती, त्यामुळे दिसत होतं सगळं, पण माइक बंद. पटांगणात हजारभर माणसं. मुख्याध्यापक ओरडून ओरडून खोकायला लागले. मी त्यांच्या हातातली यादी घेतली, पाय रोवले, पोटातून श्वास घेतला आणि पहिलं नाव उच्चारलं.

पटांगण गप्प झालं. शेवटच्या भिंतीवर बसलेली पोरंसुद्धा वळली. इयत्ता पाचवी, संगीत खुर्ची, प्रथम क्रमांक. एकेक नाव मी असं सोडलं की बक्षीस घेणारं पोर रडायच्या बेतात यावं. मग चिठ्ठ्या यायला लागल्या. गेटसमोर लावलेली मोटारसायकल काढावी. पिवळ्या फ्रॉकमधली चार वर्षांची मुलगी पाणपोईपाशी आहे, तिच्या आईने यावं. ती आई खरोखर धावत आली. माझ्या गाण्याने इतक्या तातडीने कुणी जागचं हललेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

परत येताना स्कूटरवर वडील पुढे, मी मागे. वाटेत त्यांनी स्कूटर हळू केली. मग म्हणाले, "आज समद्यांना कळलं, तू जर्मनीला कशापायी गेलती."

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. वाकून आरशात पाहिलं, तर त्यांचे डोळे भरले होते.

आता मी बीडला राहते. चार मुली गाणं शिकायला येतात. चौघींनाही सोप्रानो व्हायचंय. लिंबागणेशच्या एका शाळेने परवा फोन केला, की यंदा आमच्या गॅदरिंगला या. मी विचारलं, काय गाऊ? पलीकडचे गुरुजी घाईघाईने म्हणाले, "न्हाई न्हाई, ताई, गाण्याची तसदी नको. निकाल तेवढा वाचा."

मी हो म्हटलं आणि तारीख लिहून घेतली.